बाईंचा शनिवार

पत्र

सप्रेम नमस्कार. माझं वय ६८. भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि अवजारं बनवायच्या खात्यात, चौतीस वर्षं काढली. पत्नी परळच्या एका अनुदानित मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या फंडातले बारा लाख मी वेगळे ठेवलेत. तिच्या शाळेत तिच्या नावानं रोबोटिक्स लॅब करावी असं मनात आहे. एका कंपनीनं साडेनऊ लाखांचं कोटेशन दिलंय, मुख्याध्यापकही तयार आहेत. मुलगा एका कंपनीत सीएसआर, म्हणजे कंपनीचा समाजकार्याचा खर्च, बघतो. तो म्हणतो, एका शाळेत पैसे अडकवण्यापेक्षा मोठ्या संस्थेला द्या, त्यांच्याकडे सिस्टिम असते. मला वाटतं, आपल्या मराठी शाळांतून सायंटिस्ट निघावेत. आणि खरं सांगायचं तर भिंतीवर तिच्या नावाची पाटी दिसावी, एवढी इच्छा आहे. यात काही गैर आहे का?
— एक निवृत्त टूलरूमवाला, मुलुंड पूर्व

उत्तर

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. पत्रात तो सगळ्यात खाली आहे, पण तुमच्या मनात सगळ्यात वर तोच असणार. गैर काहीही नाही. शेअरदलाल प्रेमचंद रायचंदांनी मुंबई विद्यापीठाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख दिले ते आईचं नाव लागावं म्हणूनच. १८७८ मध्ये तो उभा राहिला आणि आजही आपण त्याला राजाबाई टॉवरच म्हणतो. तुम्ही बायकोचं नाव लावू म्हणताय, त्यात ओशाळण्यासारखं काय आहे? फक्त ती पाटी कशावर लावायची, एवढाच माझा तुमच्याशी वाद आहे. ते साडेनऊ लाखांचं कोटेशन तूर्त ड्रॉवरमध्ये ठेवा.

मी स्वतः बावीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि या बाबतीत माझे हात पोळलेले आहेत. काही वर्षांपूर्वी माझ्याच ओळखीतून एका शाळेला अशी लॅब मिळाली. फीत कापताना टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिल्या रांगेत होते. दोन वर्षांनी सहज म्हणून गेले, तर खोलीची किल्ली सापडायलाच पाऊण तास गेला. आत भिंतींवर रॉकेटची चित्रं झकास होती. किट मात्र फोममध्ये जशीच्या तशी. बॅटऱ्या गळून त्यांच्या टोकांना हिरवट-पांढरी भुकटी चढलेली. थ्रीडी प्रिंटरच्या प्लॅस्टिकच्या तारेनं दोन पावसाळ्यांची दमट हवा शोषून घेतली होती. हातात घेतली तर कुरडईसारखी कटकन मोडली. ज्या सरांनी दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतलं होतं, ते अतिरिक्त ठरून त्यांचं दुसऱ्या शाळेत समायोजन झालेलं. दुसऱ्या बाईंच्या गळ्यात मतदारयादीचं काम. मुख्याध्यापकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, काही मोडलं तर जबाबदार कोण?" त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. त्या खोलीसाठी आम्ही सगळं दिलं होतं, ती खोली उघडणारा माणूस तेवढा दिला नव्हता.

सरकारलासुद्धा हे कळलंय. २०१६ पासून अटल इनोव्हेशन मिशनतर्फे शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी वीस लाख मिळू लागले. त्यातले दहा लाख उभारणीला आणि उरलेले दहा पाच वर्षं चालवायला. म्हणजे उभं करायला जितके लागतात, तितकेच चालवायला. तुमच्या हिशेबात बारातले साडेनऊ पहिल्याच दिवशी संपतात. राहिलेल्या अडीचात काय चालणार, हे मशीन शॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला मी सांगायला नको. मशीन विकत घेणं हा खर्चाचा सोपा भाग. मेन्टेनन्स, टूलिंग आणि ऑपरेटर, खरी गंमत तिथं असते.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या. जरा कडू आहे, पण विचारा. शाळेचा पट किती? पाच वर्षांपूर्वी किती होता? परळ-लालबागच्या गिरण्या गेल्या, चाळींचे टॉवर झाले, जुनी कुटुंबं बदलापूर-विरारला गेली. तिथल्या मराठी शाळांचे वर्ग कसे ओस पडत गेले, ते तुमच्या घरात मुकाट्यानं बघणारी व्यक्ती होतीच. पाचवीला जेमतेम एक तुकडी भरत असेल, तर भिंतीत पैसे घालू नका. शाळा हलली तर कपाट हलवता येतं, रंगवलेली खोली हलत नाही.

मग पैसे घालायचे कुठं? माझं मत विचाराल, तर मूल जिथं गळतं तिथं.

एक मुलगी सांगते. माझी विद्यार्थिनी, वडील नाक्यावर उभं राहून रंगकाम मिळवणारे. दहावीच्या विज्ञान भाग एकमधला गुरुत्वाकर्षणाचा पहिला धडा तिनं वर्गाला शिकवला होता. दोरीला रबर बांधून गरगर फिरवायची आणि अभिकेंद्री बल समजावून सांगायची. विज्ञानात उत्तम मार्क. दादरच्या एका कॉलेजात अकरावी सायन्स घेतलं आणि दिवाळीनंतर सोडलं. भेटायला आली तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "बाई, बल कळत होतं, फोर्स कळत नव्हता." सेंट्रिपीटल फोर्स म्हणजे आपलंच अभिकेंद्री बल, हे तिला पहिले दोन महिने कुणी सांगितलंच नाही. वर्गात दीडशे मुलं, निम्मी क्लास लावून पुढचं शिकून आलेली. तिला वाटलं, आपली अक्कलच कमी. आता ती एका दुकानात बिलिंग करते. तिला रोबो नको होता. जून ते ऑगस्ट, आठवड्यातून दोन संध्याकाळी शेजारी बसून शब्दाला शब्द लावून देणारं कुणीतरी हवं होतं.

हे फक्त माझं रडगाणं नाही. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून काम करतंय. सुरुवातीच्या दशकांत त्यांनी महापालिकेच्या शाळांतल्या मुलांबरोबर काम केलं, तेव्हाही विज्ञानाच्या पुस्तकातली भाषाच मुलांना अडवते, असं त्यांच्या ध्यानात आलं होतं. तुमच्या पत्नीला हे केंद्र नक्की ठाऊक असणार.

दुसरी गळती कागदांची. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, आणि आरक्षणातून इंजिनीअरिंगला जायचं तर जात वैधता. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी बापाला गावी जावं लागतं. जाण्यायेण्याचं भाडं आणि तीन दिवसांची बुडालेली मजुरी. तेवढ्यापायी प्रवेशाची फेरी हुकलेली मुलं मी पाहिली आहेत. २०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगलंच झालं. पण मुलीनं त्या कॉलेजपर्यंत पोचायचं कसं, ड्रॉइंगचं सामान कुठून आणायचं, लॅपटॉप कुणाचा वापरायचा, हे त्या माफीत बसत नाही. तुमच्यासारख्याचा पैसा तिथं कामाला येतो.

उलट दप्तरं, वह्या, छत्र्या वाटायच्या भानगडीत पडू नका. महापालिका आपल्या शाळांतल्या मुलांना २७ वस्तू फुकट देते. तुमची शाळा अनुदानित, तिथं ते मिळत नसेल, पण वह्या वाटायला गणपती मंडळं आणि नगरसेवक पुरेसे आहेत.

आता तुमच्या मुलाबद्दल. तो चुकीचं बोलत नाही, त्याच्या खुर्चीतून बोलतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार, वर्षाला पाच कोटी नफा असला तरी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. २०१४ पासून हा पैसा वाहू लागला आणि शिक्षणाकडे त्यातला मोठा वाटा आला. एवढ्या पैशाला आकडे दाखवावेच लागतात. किती शाळा, किती मुलं, किती तास. त्यात आमच्या त्या रंगाऱ्याच्या मुलीचं ऑगस्टमधलं रडणं कुठल्या रकान्यात भरणार? मोठ्या संस्था चांगलं काम करतात, नाही असं नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत आणि वेळ नाही, त्यानं खुशाल त्यांना द्यावेत, फक्त तीन वर्षांचे ताळेबंद मागून बघावेत. तुमच्याकडे मात्र शनिवार आहेत. पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण दोन वर्षं रिकाम्या घरात शनिवार कसे जात असतील, ते मला कळतं.

तेव्हा माझा हिशेब बघा. बारा लाख कुणालाच देऊ नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पाच वर्षांसाठी ठेवा. या योजनेत एका माणसाला तीस लाखांची मर्यादा आहे, तुमचे स्वतःचे पैसे आधीच तिथं असतील तर ते धरून मोजा. सध्या ८.२ टक्के मिळतात, म्हणजे दर तिमाहीला २४,६०० आणि वर्षाला ९८,४००. व्याजावर कर लागतो, तो तुमच्या पेन्शनमधून भागवा. मुद्दल तुमचं राहतं. उद्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर मुलाकडे हात पसरायला नको, हेही मी हिशेबात धरलंय. दान करून परावलंबी झालेले दोन गृहस्थ माझ्या बघण्यात आहेत.

या ९८ हजारांतले ३६ हजार एका तरुणाला. शाळेचाच माजी विद्यार्थी शोधा, आयटीआय किंवा डिप्लोमा केलेला. शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास त्यानं आणि तुम्ही मुलांचा वर्ग घ्यायचा, वर्षाला तीस शनिवार, दर शनिवारचे बाराशे. फुकट करतो म्हणाला तरी पैसे घ्यायला लावा, फुकटचा माणूस तिसऱ्या शनिवारी येत नाही. १६ हजार तुटफूट, सेल, तारा, एलईडी, सोल्डरिंगचं सामान यांना. ६ हजार आठवीच्या शिष्यवृत्तीच्या पुस्तकांना, त्याबद्दल पुढं सांगते. आणि ४० हजार जूनसाठी, म्हणजे वर लिहिलेली भाडी, दाखले, दहावी झालेल्या मुलांसाठी ऑगस्टपर्यंत मराठी शब्दाला इंग्रजी शब्द लावून देणारा वर्ग. पहिल्या वर्षी तुमच्या वर्गातली मुलं अजून आठवी-नववीतच असणार, तेव्हा त्या चाळीसातून अवजारं घ्या. स्क्रू-ड्रायव्हर, पकडी, फाईल, छोटे व्हाइस नागदेवी स्ट्रीटवरून. तिथं तुम्हाला कुणी फसवू शकणार नाही. मल्टिमीटर, ब्रेडबोर्ड, आर्डुइनोचे (प्रोग्राम करता येणारे छोटे सर्किट) चार-पाच बोर्ड लॅमिंग्टन रोडवरून. तिथं त्या तरुणाला सोबत न्या, नाहीतर तुम्हालाही फसवतील. उरलेल्या चारशेचा चहा प्या.

शिष्यवृत्तीचं आता. एनएमएमएस ही केंद्राची परीक्षा आठवीत होते. अनुदानित शाळांतली मुलं बसू शकतात, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना त्यात सूट. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, म्हणजे चार वर्षांत ४८ हजार, थेट मुलाच्या खात्यात. पाच मुलं लागली तर दोन लाख चाळीस हजार रुपये तुमच्या शाळेतल्या पाच घरांत गेले आणि तुमचे खर्च झाले सहा हजार. पण किती शाळांत अर्जच भरले जात नाहीत! कुणाचा उत्पन्नाचा दाखला नाही, कुणाचं बँक खातं बंद. त्या मुलांना अर्ज भरून द्यायला बसणं हेही विज्ञानशिक्षणच आहे, असं मी म्हणेन. तुमच्या पत्नीनं असे कित्येक अर्ज भरले असतील.

सायंटिस्टचं म्हणाल, तर निघू देत की. पण तुम्ही स्वतः सायंटिस्ट नव्हता ना? शतांश मिलिमीटरच्या टॉलरन्समध्ये डाय बसवणाऱ्या माणसानं आपल्या कामाला कमी का लेखावं? दहावीच्या वर्गातल्या चाळीसांपैकी दोघं-चौघं संशोधनाकडे गेले तर गेले. बाकीच्या छत्तीसांना आयटीआयची ट्रेड कुठली घ्यावी, फिटर आणि टर्नरमध्ये फरक काय, आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, अॅप्रेंटिस म्हणजे हमाली नव्हे तर कायद्यानं स्टायपेंड मिळणारं शिक्षण, हे कोण सांगतं? शाळेतल्या बहुतेक शिक्षकांना ते ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. आम्ही मास्तर लोक मुलांना आपण पाहिलेल्या दोनच वाटा दाखवतो, डॉक्टर आणि इंजिनीअर, आणि ते नाही जमलं की "बघ बाबा काहीतरी".

चुनाभट्टीला एकदा जाऊन या. तिथं मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन आहे, १९६६ पासूनची संस्था. शाळकरी मुलांसाठी काय चालतं ते विचारा, माणसं आपली आहेत. आणि तिथून फार दूर नाही ती आयडेमी, केंद्र सरकारची टूलरूम. तिथं टूल अँड डाय मेकिंगचं शिक्षण मिळतं. मुलांना ती बघायला नेता येईल का, हे तुम्ही विचारलंत तर जास्त बरं. तुम्हाला त्यांची भाषा येते. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र तर १९८५ पासून आहेच, पण तिथं मुलं सहलीला जाऊन आलेली असतात. चालू मशीनवर धातूची चिप, म्हणजे कीस, उडताना बघणं वेगळं.

कागदोपत्री थोडं. शाळा चालवणाऱ्या संस्थेकडून शनिवारच्या वर्गाची लेखी परवानगी घ्या, मुख्याध्यापकांच्या तोंडी होकारावर राहू नका, ते निवृत्त होतात. वर्गात शाळेचा एक शिक्षक किंवा शिक्षिका हजर असलीच पाहिजे, तुम्ही कितीही देवमाणूस असलात तरी. त्या तरुणाची पोलीस पडताळणी करून घ्या. देणगीवर मिळणाऱ्या प्राप्तिकराच्या सवलतीसाठी जीव टाकू नका. नवी कररचना घेतली असेल तर ती मिळतच नाही, आणि माझ्या सांगण्याप्रमाणे तुम्ही थेट मुलांवर खर्च करणार, त्याला ती लागूच नाही. कधी संस्थेला देणगी दिलीत तर चेकनं द्या. दोन हजारांवरच्या रोखीला सवलत नसते. देणगीचं प्रमाणपत्रही मागून घ्या. ही सगळी पत्रं मुलाला लिहायला सांगा. परवानगीचा मसुदा, वर्षाचा जमाखर्च, मुलांची यादी, हे त्याचं रोजचं काम आहे. आईच्या नावाचं काहीतरी त्याच्याही हातून होऊ दे. तो मोठ्या संस्थेचं बोलतोय त्यात थोडं हेही असेल, की बाबांनी मला विचारलंच नाही.

पाच वर्षांनी मुद्दल सुटेल तेव्हा शाळेचा पट, तुमची तब्येत आणि तो तरुण, तिन्हींकडे बघून ठरवा. तोवर मृत्युपत्रात या पैशांबद्दल दोन ओळी घालून ठेवा.

राहिली पाटी. अवजारांचं कपाट करून घ्या, सागवानी नको, गोदरेज चालेल, आणि त्याच्या दारावर लावा. मुंबईतल्या मराठी शाळेत मास्तरणीला सगळी मुलं बाईच म्हणतात, तुमच्या घरीही त्या हाकेची सवय झाली असेल. तेव्हा पाटीवर त्यांचं नाव आणि खाली 'बाईंचा शनिवार'. महिन्याभरात मुलं नाव गाळून नुसतं "बाईंच्या शनिवारला येणार का?" असं विचारू लागतील बघा.

पहिल्या शनिवारी रोबो वगैरे काही नको. तुमच्याकडे जुना मायक्रोमीटर असेलच, लाकडी डबीतला, आत मखमल लावलेला. टूलरूमवाला निवृत्त होताना तेवढं घरी आणतोच. प्रत्येक मुलाला आपल्या डोक्याचा एक केस उपटून मोजायला सांगा. कुणाचा सात शतांश मिलिमीटर भरेल, कुणाचा नऊ. मग वहीचं पान, मग बसचं तिकीट. पिळायच्या टोकाची रॅचेट कटकट वाजली की थांबायचं, पुढं पिळायचं नाही, हे शिकवायला दोन तास पुरणार नाहीत. आणि तो मायक्रोमीटर शाळेला देऊन टाकू नका. दर शनिवारी घेऊन जा आणि घेऊन या.